चार ओळींची पद्धत

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं आहे, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यावरही मी त्या त्या वेळी रागावलेच होते. विद्यापीठात आम्ही सुरू केलेला वर्गसुद्धा रागातूनच जन्मला. पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात निम्मे विद्यार्थी नापास झाले आणि आमचे विभागप्रमुख सूचनाफलकाजवळ उभे राहून म्हणाले, हल्लीच्या मुलांना डोकंच नाही. मी तिसऱ्या वर्षाला होते आणि नेमकी तिथेच उभी होते. मी म्हटलं, सर, डोकं आहे, समजावून सांगायला कोणी नाही. ते म्हणाले, मग तुम्हीच सांगा की. त्यांनी टोमणा मारला होता, मी तो आदेश समजले.

माझ्या जोडीला लंबू होता. हा माझा वर्गमित्र. उंचीमुळे त्याला हे नाव पडलं, पण खरं तर त्याचं सगळंच लांब होतं. एक वाक्य बोलायला तो इतका वेळ घ्यायचा की समोरच्याचा चहा निवायचा. आम्ही दोघांनी दोन महिने विभागाच्या पायऱ्या झिजवल्या. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना शिकवायचं, दुपारच्या सुट्टीत, फुकट. यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही, पण सरांना सात आक्षेप सुचले. शेवटी त्यांनी जिन्याखालची एक खोली दिली. तिथे मोडके बाक आणि बंद पडलेलं झेरॉक्स मशीन होतं. मशीन हलवता येणार नाही, ते सरकारी यादीत आहे, असं शिपायाने बजावलं. आम्ही त्याच्यावर फळा टेकवला.

खोलीबरोबर एक कागदही आला. त्यावर लिहिलं होतं की हा वर्ग एका सत्रापुरता आहे, आणि विभागाने नेमलेल्या पुस्तकाबाहेरचं काहीही तिथे शिकवलं जाणार नाही. तसं आढळल्यास वर्ग त्याच दिवशी बंद करण्यात येईल. लंबूने तो कागद दोनदा वाचून सही केली. मी न वाचताच केली.

पहिल्या आठवड्यात दोनजण आले, त्यातला एक स्वच्छतागृह शोधत आला होता. पण दोन महिन्यांत आम्ही आठ शिकवणारे आणि शेहेचाळीस शिकणारे झालो. बाक पुरेनात, मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसायला लागली. मला कोणी बाई म्हटलं की मी रागावायचे आणि मनातून सुखावायचे.

काकू दुसऱ्या महिन्यात आल्या. त्यांचं वय छत्तीस, म्हणून पोरांनी त्यांना काकू केलं. त्या शाळेची बस चालवायच्या. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी उशिरा घरी पोचवायचं, आणि मधल्या वेळात विद्यापीठ. त्यांची पाठ गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्टिअरिंगसमोर आणखी एक वर्ष, फार तर दीड. बस कंपनीच्या कार्यालयात वेळापत्रकं लावायची एक जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, पण तिला पदवी लागत होती. बाकी सगळे विषय सुटले होते, एकटं संख्याशास्त्र मानगुटीवर बसलं होतं. दोनदा नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठ नाव काढून टाकतं. घरी त्यांची दहावीतली मुलगी आणि त्या एकाच टेबलावर अभ्यासाला बसायच्या, आणि आईला झोप आली की मुलगी पट्टीने टेबल वाजवायची.

त्यांचं घोडं अडायचं ते दोन गटांच्या प्रश्नावर. दोन गट दिलेले असतात, दोघांची सरासरी सारखीच, प्रत्येकाचा व्हेरियन्स दिलेला असतो, म्हणजे त्या गटातले आकडे किती विखुरलेत त्याचं माप. दोन्ही मिळून एकत्र व्हेरियन्स काढायचा. दरवर्षी सात गुणांना हमखास येणारा प्रश्न. पुस्तकातली रीत नऊ ओळींची आहे, आणि काकू पाचव्या ओळीत हरवायच्या. तीन दिवस मी त्या नऊ ओळी समजावल्या. चौथ्या दिवशी माझा संयम संपला. मी म्हटलं, जाऊ द्या काकू, ते पुस्तक मिटा.

आणि मी त्यांना माझी पद्धत शिकवली. ती मी पहिल्या वर्षाला असताना स्वतः शोधली होती. चारच ओळी. दोन्ही आकडे शेजारी लिहायचे, लहान आकड्याभोवती चौकट करायची, दोघांतल्या फरकाचं अर्ध चौकटीतल्या आकड्यात मिळवायचं, आणि चौथ्या ओळीत ताळा. उत्तर दोन्ही आकड्यांपासून सारख्या अंतरावर आलं की बरोबरची खूण. मला त्यात सातपैकी सात मिळाले होते. बारा वर्षांचे जुने पेपर मी त्याच पद्धतीने सोडवले होते, एकही उत्तर चुकलं नव्हतं.

काकूंना ती एका दुपारी जमली. शेजारच्या बाकावरच्या चौघांनी विचारलं, आम्हालाही दाखवा. तेही रिपीटर, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणारे. मी दाखवली. लंबू मागे उभा राहून बघत होता. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, की पुस्तकातली नऊ ओळींची रीत कशासाठी आहे ते एकदा बघायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, तू नऊ ओळी लिहीपर्यंत पेपरची वेळ संपेल. सगळे हसले.

परीक्षा झाली आणि तीन आठवड्यांनी परीक्षा समितीची पत्रं निघाली. रिपीटरांचे आसन क्रमांक यादीत शेवटी येतात, त्यामुळे ते सगळे दालनाच्या मागच्या रांगेत एकामागे एक बसतात. त्या रांगेतल्या पाच उत्तरपत्रिकांत एकाच प्रश्नाचं उत्तर शब्दशः सारखं होतं, आणि चुकीचं होतं. कॉपीचा आरोप. पाचांना चौकशीला बोलावलं होतं. पत्रात प्रश्न कोणता ते लिहिलेलं नव्हतं.

मला आधी काहीच उमगलं नाही. मी काकूंना म्हटलं, तुम्ही कॉपी केलेली नाही ना, मग घाबरता कशाला. विभागप्रमुख मला व्हरांड्यात भेटले, तेव्हा चक्क हसले. म्हणाले, पुढच्या सत्रात तुम्हाला वरच्या मजल्यावरची चांगली खोली द्यायचा विचार आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, बरं झालं, या कॉपीच्या भानगडीत तुमच्या वर्गाचा संबंध नाही. असता तर माझा नाइलाज झाला असता.

चौकशीच्या दिवशी मी काकूंबरोबर गेले. समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, बाहेर एक लांब बाक. पाचजणांना एकेक करून आत बोलावत होते. पहिले तिघे बाहेर आले ते थेट जिन्याकडे वळले. मी त्यातल्या एकाला बाहीला धरून थांबवलं. तो म्हणाला, कबूल करून टाकलं. कॉपी कबूल केली तर फक्त हा पेपर रद्द होतो, नाकारली आणि सिद्ध झाली तर वर्ष जातं. पेपर काय, पुढच्या वेळी देता येईल. मी विचारलं, पण तू कॉपी केली होतीस का? तो म्हणाला, नाही. आणि त्याने काढता पाय घेतला.

चौथ्यानेही तेच केलं. मग काकू आत गेल्या. त्यांना पुढची वेळ नव्हती. पेपर रद्द म्हणजे त्यांचं सगळंच रद्द. वीस मिनिटं दार बंद होतं. मी बाकावर बसून नखं खात होते आणि लंबू खिडकीशी उभा होता. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. समिती दहा मिनिटं चहा घेणार होती, मग त्यांना पुन्हा आत जायचं होतं.

त्या माझ्याशेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चौघांनी कबूल केलंय गं. रांगेत पहिली मी होते, म्हणून ते म्हणतात सगळ्यांनी माझं बघून लिहिलं. मला विचारतात, या चार ओळी आल्या कुठून? कुठल्याच पुस्तकात नाहीत म्हणे."

मी विचारलं, "चौकट आणि ताळा?"

"हो."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, माझ्या मनाने केलं."

मी म्हटलं, काकू, खोटं कशाला बोललात, माझं नाव का नाही घेतलंत? त्या म्हणाल्या, "तो कागद मी वाचलाय. तुझ्या फळ्यामागेच चिकटवलाय ना. पुस्तकाबाहेरचं शिकवलं तर वर्ग बंद. माझं व्हायचं ते होईल, पण बाकीची पोरं कुठे जातील?"

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आधी आला तो राग. काकूंचा नाही, समितीचा. माझी पद्धत चुकीची? बारा वर्षांचे पेपर सुटले त्या पद्धतीने. कोणातरी आडमुठ्या माणसाला नवी गोष्ट समजली नाही आणि त्याने सरळ चूक ठरवून टाकली, अशी माझी खात्री होती. पण रागाच्या पाठोपाठ भीती आली. आत जाऊन बोलले तर वर्ग गेला. शेहेचाळीस जण, आठ शिकवणारे, दोन महिन्यांची वणवण, वरच्या मजल्यावरची खोली. नाही बोलले तर एकट्या काकू जाणार. आणि त्या तर स्वतःहून जायला तयार होत्या. माझ्या मनात आलं, की मी गप्प बसले तर कोणालाही, कधीही कळणार नाही. असं मनात आलं हे लपवण्यात अर्थ नाही. आलं, आणि मिनिटभर राहिलं.

लंबू खिडकीशीच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. कधी नव्हे ते तो पटकन बोलला. म्हणाला, "तू जाणार की मी जाऊ?"

मी उठले आणि दार न वाजवता आत गेले.

आत तिघे होते. मध्ये अध्यक्षबाई, कायद्याच्या प्राध्यापक, समोर चष्म्याचं घर आणि पाच उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. एका बाजूला बाहेरून आलेले परीक्षक. यंदाचा पेपर त्यांनीच काढला होता. दुसऱ्या बाजूला आमचे विभागप्रमुख, हातात चहाचा कप. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मी एका दमात सांगितलं. कोणीही कोणाचं बघून लिहिलेलं नाही. ही पद्धत माझी आहे, पाचांनाही मीच शिकवली, जिन्याखालच्या वर्गात. आणि ती चुकीची नाही. शेवटचं वाक्य जरा जास्तच जोरात गेलं.

सरांनी कप खाली ठेवला. मला कळलं की वरच्या मजल्यावरची खोली गेली, आणि खालचीही.

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या की मैत्रिणीला वाचवायला कोणीही असं येऊन सांगेल. त्या बाई बाहेर बसल्या आहेत, त्यांनी आत्ताच तुम्हाला सगळं सांगितलं असेल. मी म्हटलं, पुरावा काय द्यायचा, सांगा. तेव्हा परीक्षक पहिल्यांदा बोलले. त्यांनी प्रश्नपत्रिका माझ्यापुढे सरकवली, एका प्रश्नावर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या फळ्याकडे मान हलवली. "सोडवा."

प्रश्न तोच, ओळखीचा. मी खडू घेतला. मला इतका राग आला होता की खडू पहिल्याच ओळीला मोडला. सोळा आणि पंचवीस, शेजारी शेजारी. सोळाभोवती चौकट. फरक नऊ, त्याचं अर्ध साडेचार. सोळा आणि साडेचार, साडेवीस. खाली ताळा: इकडून साडेचार, तिकडून साडेचार. बरोबरची खूण. अर्धा मिनिटसुद्धा लागलं नाही. मी हात झटकले आणि वळले. चेहऱ्यावर बहुतेक विजयाचं हसू होतं. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

अध्यक्षबाईंनी एक उत्तरपत्रिका उघडून फळ्याशेजारी धरली. मग दुसरी. चौकटसुद्धा तशीच होती, एका कोपऱ्यात उघडी राहिलेली.

परीक्षक म्हणाले, "पहिल्या गटात माणसं किती आहेत?"

मी प्रश्नपत्रिका बघितली. "वीस."

"आणि दुसऱ्यात?"

"चाळीस."

"ते फळ्यावर कुठे आहे?"

ते फळ्यावर कुठेच नव्हतं. मी ते आकडे उतरवलेच नव्हते. माझ्या पद्धतीत त्यांना जागाच नव्हती. बारा वर्षांच्या पेपरांत दोन्ही गट सारखे असायचे, तीस आणि तीस, पन्नास आणि पन्नास, म्हणून मधला आकडा काढला की भागायचं. यंदा दुसरा गट दुप्पट होता. उत्तर त्याच्याकडे झुकायला हवं होतं. साडेवीस नव्हे, बावीस. आणि माझा ताळा? मधला आकडा दोन्हीकडून सारख्या अंतरावर असणारच, गट कितीही असोत. तो ताळा कधी चुकूच शकत नव्हता. तीन वर्षं मी स्वतःच स्वतःला बरोबरची खूण देत होते.

मी इतकंच म्हणाले, "चूक माझी आहे. त्यांची नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, आता माझा विश्वास बसला. खोटं बोलायला आलेला माणूस इतक्या आत्मविश्वासाने चुकत नाही.

काकूंना आत बोलावलं. कॉपीचा आरोप मागे घेतला गेला, आणि जे चौघे न केलेला गुन्हा कबूल करून घरी पळाले होते त्यांनाही परत बोलवायचं ठरलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर परीक्षकांनी काकूंची उत्तरपत्रिका उलटून पहिल्या पानावरची बेरीज वाचली. छत्तीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस. त्या प्रश्नाला सातपैकी शून्य.

काकूंनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मनातल्या मनात हिशेब करत होत्या, की चार गुण आणखी कुठून आले असते. मी मान खाली घातली. पुस्तकातल्या नऊ ओळी त्यांनी अर्ध्या जरी लिहिल्या असत्या तरी चार गुण मिळाले असते, हे मला ठाऊक होतं. ते पुस्तक मिटायला मी सांगितलं होतं.

अध्यक्षबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. शिकवण्यातल्या दोषामुळे विद्यार्थ्याचं नुकसान झालं असेल तर एक विशेष संधी देता येते, पण तो वर्ग विभागाचा असला पाहिजे आणि विभागप्रमुखांनी तसं लेखी दिलं पाहिजे. सगळ्यांनी सरांकडे बघितलं. हा वर्ग आमचा नाही, पोरांचा हौशी उद्योग आहे, असं ते सहा महिने सगळ्यांना सांगत आले होते. तेच आताही म्हणाले असते तर त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता.

सरांनी फळ्यावरच्या चार ओळी वाचल्या. मग म्हणाले, "हिच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात या प्रश्नाला सातपैकी सात मीच दिले होते. या चार ओळी मी तेव्हाही बघितल्या होत्या. उत्तर बरोबर होतं, म्हणून पुढे गेलो." त्यांनी कागद ओढून घेतला आणि वर्ग विभागाचाच होता असं लिहून सही केली. मग दुसरा कागद घेतला आणि तो वर्ग आजपासून बंद असल्याचं लिहिलं. मला म्हणाले, किल्ली शिपायाकडे द्या. त्यांचा आवाज कडक नव्हता.

काकूंची परीक्षा दीड महिन्याने ठरली. आम्ही तिघे खाली आलो. मी जिन्याखालच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली दिली, आणि काकूंना म्हणाले, की मी रोज तुमच्या घरी येते. नऊच्या नऊ ओळी, पहिल्यापासून, कितीही दिवस लागू देत, मी अजिबात चिडणार नाही.

काकूंनी बसच्या किल्ल्या पर्समधून काढल्या. शाळा सुटायची वेळ होत आली होती. त्या म्हणाल्या, "नको गं. या वेळी मी लंबूकडे शिकेन."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लंबूने नेहमीसारखा वेळ घेतला आणि मग म्हणाला, उद्या दुपारी, ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर. काकू दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि वळून मला म्हणाल्या, "तूही ये. पाचव्या ओळीत काय असतं ते तुलाही कुठे माहीत आहे?"

दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं आधीच गेले. वही उघडली, आणि फळा नव्हता तरी शिकणाऱ्यांच्या बाजूला बसले.